रविवार धरत नाहीत

झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली झावळी मी भिंतीवरच्या क्रुसामागे खोचून ठेवते. वर्षभर ती तिथेच वाळते, आधी पिवळी पडते, मग तपकिरी. उपवासकाळ जवळ आला की सून ती काढते आणि चर्चमध्ये नेऊन देते. सगळ्यांच्या झावळ्या एकत्र जाळतात आणि तीच राख राखेच्या बुधवारी फादर आमच्या कपाळाला लावतात. यंदा सून स्टुलावर चढली, झावळी ओढून काढली आणि वरूनच म्हणाली, "आई, या वर्षी काय सोडणार?"

दरवर्षी विचारते. उपवासकाळात आमच्यात प्रत्येकाने आवडीची एखादी गोष्ट ईस्टरपर्यंत सोडायची असते. सून साखर सोडते. नात मोबाइल सोडते आणि तिसऱ्या दिवशी परत धरते. मी म्हणाले, "मी काही सोडत नाही."

"असं कसं? तुम्ही तर जुन्या."

"जुनी आहे म्हणूनच."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारीला गोड चहा सुटत नाही. सुटत नाहीच. पण कारण ते नव्हे.

आम्ही धुळ्यात देवपूरला राहतो. या दिवसांत पांझरेच्या पात्रात पाणी कमी आणि दगड जास्त दिसतात. कडुलिंब पानं टाकून मोकळे होतात आणि एका सकाळी बारीक पांढरा मोहोर येतो. कडवट गोड वास सुटतो. दुपारी रस्ता ओस पडतो, पत्रे तापून कडकड वाजतात. पोरं परीक्षेचा अभ्यास मोठ्याने करतात आणि मध्येच गप्प होतात, म्हणजे झोपलेली असतात. तो वास नाकात गेला की मी देवपुरात नसते. मी दीपनगरला असते आणि माझा मुलगा पहिलीत असतो.

दीपनगर म्हणजे भुसावळजवळची वीजकेंद्राची वसाहत. ऐंशीनंतरची ती वर्षं. आमचे हे तिथे कोळशाच्या यार्डात कामाला होते. घरी यायचे तेव्हा डोळे तेवढे पांढरे. वारा वसाहतीकडे फिरला की दोरीवरच्या धुण्यावर करडी भुकटी बसायची. मी कपडे झटकून घड्या घालायचे. हे म्हणायचे, "फादरचा राखेचा बुधवार वर्षातून एकदा. आपला रोज." माणूस विनोदी होता. आता नाही.

आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मिशनच्या शाळेत. सांगितलेलं जसंच्या तसं करायचं, हे मी तिथे पक्कं शिकले. उलट विचारायचं कसं, ते कोणी शिकवलं नाही आणि मलाही गरज वाटली नाही. दीपनगरला ख्रिस्ती घरं मोजकीच. एक फादर भुसावळहून यायचे आणि कोणाच्या तरी घरी मिस्सा, म्हणजे उपासना व्हायची. मोठ्या सणांना आम्हीच एसटीने भुसावळला जायचो.

त्या वर्षी फादर नवीन होते. तरुण, दाढी नीट न फुटलेले. राखेच्या बुधवारी प्रवचनात म्हणाले, "घरात नसतं ते सोडून देवाला काय फसवता? जे जिवाला लागतं ते सोडा."

घरी आल्यावर ह्यांनी बिडी सोडली. पण रविवार आला की सकाळीच ओट्यावर बसून ओढायचे. मी डोळे वटारले की म्हणायचे, "रविवार धरत नाहीत. विचार तुझ्या फादरला." खरंच होतं ते. रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासाच्या दिवसांत मोजत नाहीत. चर्चनेच दिलेली ती सुट्टी. मला मात्र ती पळवाट वाटायची.

मी काय सोडू? मटण आमच्याकडे पगाराच्या आठवड्यातच शिजायचं. दागिना नव्हता. सिनेमा मी पाहत नव्हते. मी भांडी घासता घासता घरभर नजर फिरवली. जिवाला लागेल असं घरात एकच होतं आणि ते पाटीवर पेन्सिल करकरत बसलं होतं.

फिलिप. फिल्या. तो झाला त्याआधी मला एक मुलगी झाली होती, रोझी. मी तिला खाली ठेवायचे नाही. चुलीपाशीसुद्धा कडेवर. गावात बायका म्हणायच्या, "हिला पोरीपुढे देव दिसत नाही." रोझी तापाने गेली, तेव्हा चालायला नुकतीच लागली होती. ती गेल्यावर ते वाक्य मला कोणी ऐकवलं नाही. गावची माणसं तेवढी वाईट नव्हती. ते मला आपोआप आठवलं आणि मग आठवतच राहिलं. पुढे बरीच वर्षं काही नाही, आणि मग फिल्या. त्याला मी रोझीपेक्षा जास्त जीव लावला आणि त्याचीच मला भीती वाटायची. तो झोपताना एक पाय माझ्या पोटावर टाकायचा. पाय टाकल्याशिवाय त्याला झोप यायची नाही आणि तो वजनदार पाय पोटावर असल्याशिवाय मला.

तर मी तो सोडला. क्रुसापुढे गुडघे टेकून बोलले, की ह्याला राहू दे, मी ह्याचं सुख सोडते. ईस्टरपर्यंत मांडीवर घेणार नाही, मुका घेणार नाही, राजा म्हणणार नाही, शेजारी निजवणार नाही. बोलून उठले तेव्हा मला फार हलकं वाटलं. देवाशी एवढा मोठा व्यवहार त्या वसाहतीत कोणी केला नसेल, असंही वाटलं. हे मी आता लिहिते आहे म्हणून लिहिते, नाहीतर हे कोणी सांगत नाही.

त्याचं खाणंपिणं, अंघोळ, शाळा, सगळं वेळच्या वेळी केलं. पोटाला काही कमी केलं नाही.

पहिल्या दिवशी तो शाळेतून आला आणि नेहमीसारखा अंगावर चढायला लागला. कपाळावरची सकाळची राख त्याच्याही होती, माझ्याही. मी त्याचे हात सोडवले.

"खाली बस."

"का?"

"मोठा झालास."

त्याने स्वतःकडे पायापासून वरपर्यंत बघितलं. "कधी?" म्हणाला.

पुढचे दिवस त्याने युक्त्या केल्या. गुडघा खरचटला म्हणून दाखवायला आला, मी हळद लावली आणि उठले. पोट दुखतं म्हणाला, ओवा दिला. मग युक्त्या संपल्या आणि त्याने दुसरं काढलं. संध्याकाळी मी भाकरी थापत असले की दाराशी येऊन उभा राहायचा आणि खाली बघून सांगायचा, "आई, अक्कांचा बिबडा मी खाल्ला होता." दुसऱ्या दिवशी, "आई, मी शाळेत एकाची पेन्सिल घेतली." तिसऱ्या दिवशी, "मी पाटीवर थुंकून पुसतो." रोज एक. मी "बरं" म्हणायचे आणि भाकरी उलटायचे. आपण काय केलं म्हणून आई लांब गेली, ते तो शोधत होता. एवढंसं पोर स्वतःचे खिसे उलटे करून करून पाप शोधत होतं, आणि मला वाटत होतं, चला, पोराला खरं बोलायची सवय लागते आहे.

अक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. साक्रीकडची, अहिराणी बोलणारी. तिची मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली. मार्च लागला की ती गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, घालायची आणि मी हाताखाली असायचे. ओल्या फडक्यावर पीठ थापायचं आणि खाटेवर अलगद उलटं टाकायचं. उन्हाने डोळे दिपायचे. एक दिवस ती थापता थापता म्हणाली, "काय व मार्था, पोऱ्याले काय करं तू? कालपाईन मना मांगे मांगे फिरी ऱ्हायना."

मी म्हणाले, "काही नाही अक्का, आमचा उपास आहे." आणि काय सोडलं ते सांगितलं. थोडं मिरवूनच सांगितलं असेल.

अक्काचा हात थांबला. "उपास पोटना ऱ्हास. पोऱ्याना उपास कोठे आयकेल नही मी."

"आमच्यात जिवाला लागतं ते सोडतात."

"तुना देवले माय शे ना व?"

आमच्या घरात कॅलेंडर होतं, क्रुसावरून उतरवलेल्या प्रभूला मरियामातेने मांडीवर घेतलंय, त्या चित्राचं. अक्का ते रोज बघायची.

"मरेल पोऱ्याले बी मांडीवर लिसन बठेल शे ती," अक्का म्हणाली. "तुना त जित्ता शे."

मला राग आला. मनात म्हणाले, हिला काय कळतं आपल्यातलं. फडकं झटकून खाली आले. होळीला तिने खापरावरची पुरणपोळी पाठवली, पोळी एवढी पातळ की पलीकडचा हात दिसावा, तर मी परत केली. तुपातल्या पोळीला उपवासकाळात काहीच बंदी नाही. पण राग होता. अक्काने भिंतीपलीकडून मला ऐकू जाईल असं विचारलं, "पोळीनी काय करं व तुमना देवनं?"

पण अक्काने एक केलं. तिने फिल्याला सांगितलं की तुझ्या आईचा राग नाही, उपास आहे. त्यानंतर पोराचं पाप सांगायला येणं बंद झालं. तो बापाशी काहीतरी बोलला असावा. कारण पुढच्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, मी गहू निवडायला बसले होते तेव्हा तो आला. केस पाण्याने चापून बसवलेले, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. एखाद्या कचेरीत अर्ज घेऊन यावं तसा. म्हणाला, "आई, आज रविवार आहे."

"मग?"

"पप्पा म्हणतात, रविवार धरत नाहीत."

ओट्यावरून बिडीचा वास येत होता. माझ्या मांडीवर गव्हाचं ताट होतं. ते बाजूला ठेवायला वेळ लागला नसता. व्रतही मोडलं नसतं, आमच्या धर्माने त्याच्यासाठीच जणू तो दिवस मोकळा ठेवला होता. आणि मी म्हणाले, "मी धरते."

तो रडला नाही. "बरं," म्हणाला. मी त्याला रोज म्हणायचे तसंच. नंतरचे रविवार तो आला नाही.

मला पुष्कळ वर्षं वाटायचं, तो उपवास हीच माझी चूक. तसं नाही. उपवास करताना माणसाचं डोकं ठिकाणावर नसेल, भीती असते, देव समजून घेतो. पण रविवार? त्या दिवशी मला देवाची भीती नव्हती. त्या दिवशी मला फक्त इतरांपेक्षा चांगलं ख्रिस्ती व्हायचं होतं. नवऱ्याच्या बिडीपेक्षा वरचं. आणि मी जे सोडलं ते माझं नव्हतंच. साखर माझी असते, ती सोडता येते. मांडी त्याची होती.

झावळ्यांच्या रविवारानंतरच्या आठवड्यात फादर पापकबुली ऐकायला आले. मी गुडघ्यावर बसून सांगितलं, की या उपवासात माझ्याकडून एक पाप झालं. परवा पहाटे मुलगा झोपेत सरकत माझ्याजवळ आला, त्याने माझ्या पोटावर पाय टाकला. मी जागी होते. पाय उचलून बाजूला ठेवायला हवा होता. ठेवला नाही. उजाडेपर्यंत तशीच पडून राहिले.

फादरनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, पाप मोठं आहे. मग त्यांनी विचारलं, "बाई, मुलगा केवढा आहे?" मी सांगितलं. सगळंच सांगितलं, रोझीचंही. ते म्हणाले, "हे मी सांगितलं नव्हतं. मी असं नव्हतं म्हटलं." ते मला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही. शेवटी म्हणाले, "घरी जा आणि मुलाला जवळ घे. आजच. हेच तुझं प्रायश्चित्त."

मी घरी आले. फिल्या ओट्यावर गोट्या खेळत होता. उचलून घ्यायचा तेवढा अवकाश होता. पण मला वाटलं, फादर पोरसवदा आहेत, मऊ आहेत. थोडेच दिवस राहिलेत. इतकं निभावलं, आता शेवटी कशाला मोडायचं? दळण आणायला गेले.

फादरने सांगितलेलं प्रायश्चित्त मी आयुष्यात एकदाच टाळलं.

गुड फ्रायडेला आम्ही भुसावळच्या चर्चमध्ये गेलो. दुपारी तीनची वेळ, बाहेर पाय ठेवला तर चपलेतून चटका बसावा असं ऊन. त्या दिवशी घंटा वाजत नाही, वेदीवर कापड नसतं. सगळे रांगेने पुढे जातात, गुडघे टेकतात आणि लाकडी क्रुसावरच्या प्रभूच्या पायांचं चुंबन घेतात. प्रत्येकाच्या नंतर एक मुलगा पांढऱ्या फडक्याने ते पाय पुसतो. फिल्या माझ्या पुढे होता. त्याने ओठ टेकवले, जरा जास्त वेळच. मग मी वाकले. त्या पायांना घामाचा आणि पॉलिशचा वास होता. मी डोळे मिटून मुका घेतला आणि मला रडू आलं. प्रभूसाठी आलं असं मी तेव्हा समजले.

जागेवर परत आल्यावर फिल्या माझ्या कानाशी आला. अंगाला अंग लागणार नाही एवढं अंतर ठेवून आला. कुजबुजला, "आई, उपासात देवाचा मुका चालतो?"

"चालतो," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही.

ईस्टरच्या सकाळी मी नवी साडी नेसले, अंडी उकडली, मटण चढवलं आणि ओट्यावर बसून दोन्ही हात पसरले. "ये रे राजा." तो आला. माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये उभा राहिला, हात पाठीमागे धरून. मी त्याला आवळलं, मुके घेतले. अंग ताठ होतं, पाहुणे कौतुक करताना पोरं उभी राहतात तसं.

"आई, उपास सुटला?"

"सुटला."

"बरं झालं," तो म्हणाला. "मी खेळायला जाऊ?"

पुढे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अक्काने कडुलिंबाला झोका बांधला. झोक्यावर ती बसली आणि तिच्या मांडीवर फिल्या. झोका वर गेला की तो किंचाळून तिच्या गळ्याला मिठी मारत होता. मी खालून बघत होते. अक्काने मला हाक मारली, "ये ना व, तू बठ." मी म्हणाले, "चूल पेटलीय." चूल पेटलेली नव्हती. आमच्याकडे स्टोव्ह होता.

फिलिप वाईट मुलगा झाला नाही, हे आधी सांगते. शिकला, धुळ्यात नोकरीला लागला, वडील गेल्यावर मला इकडे घेऊन आला. औषधं वेळेवर आणतो. चर्चला हात धरून नेतो, पायरी आली की सांगतो. आवाज चढवत नाही. पण त्याच्या हातात एक अदब आहे. सुनेचे भाऊ त्यांच्या आईला घेऊन येतात, ते तिच्या मांडीवर डोकं टाकून टीव्ही बघतात, टक्कल पडलेले, पोट सुटलेले बाप्ये. फिलिप माझ्या खोलीत येतो तेव्हा दाराशी थांबतो. पाय पोटावर टाकून झोपणं त्या ईस्टरनंतर झालं नाही. मी शेजारी घेतलं, तर तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि मी जागी राहायचे.

त्याला मुलगी झाली तेव्हा मी एकदा त्याच्याशी बोलले होते. ती रडत होती आणि तो तिला खाली ठेवेना. मी म्हणाले, "फिल्या, त्या वर्षी दीपनगरला उपवासात मी तुला..."

"मला काही आठवत नाही, आई," तो म्हणाला. फार लवकर म्हणाला. आणि पोरीला घेऊन दुसऱ्या खोलीत गेला.

माझी श्रद्धा गेली का? नाही. मी अजून माळ जपते. पण मरियामातेच्या त्या चित्रापुढे उभी राहिले की मला अक्काचाच आवाज येतो, आणि आता मी काही मागत नाही. मागितलं की माणूस बदल्यात काहीतरी द्यायला जातं.

परवा उपवासकाळातला पहिला रविवार होता. जेवणं झाली. सून आणि नात आतल्या खोलीत होत्या. फिलिप बाहेरच्या खोलीत फरशीवर आडवा झाला, खाली गारवा असतो म्हणून. मी भिंतीला टेकून गहू निवडत होते. पंखा फिरत होता, दारातून मोहोराचा वास येत होता. त्याचे पाय माझ्याकडे होते. टाचा भेगाळलेल्या, एका अंगठ्याचं नख काळं पडलेलं. लहानपणी तो पाय माझ्या एका मुठीत मावायचा.

मी ताट बाजूला ठेवलं. वेळ लागला नाही. त्याचा एक पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

तो हलला नाही. डोळे मिटलेले, श्वास एकसारखा. पण झोपलेल्या माणसाचा पाय जड असतो, हे मला शिकवायला नको. त्याचा पाय हलका होता. त्याने तो माझ्या मांडीवर टेकवल्यासारखा करून वरच्यावर तोलून धरला होता. मला भार होऊ नये म्हणून, की स्वतःला सवय नाही म्हणून, मी विचारलं नाही. मी हातही फिरवला नाही. नुसती बसून राहिले.

बाहेर कोणाचा तरी पत्रा उन्हाने वाजला. आतून नात काहीतरी मोठ्याने पाठ करत होती, ती गप्प झाली.

मग तो पाय हळूहळू जड व्हायला लागला.